सही तुमची, मजकूर कुणाचा? सीमाभागातून अधिकारी व्हायला निघालेल्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडचं पोरगं फौजेत निघालं की सगळी गल्ली सल्ला देते. पहाटे कसं पळायचं, मेडिकलच्या आधी दातांची कीड काढून घ्यायची, कान साफ करून जायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं प्रशिक्षण केंद्र, म्हणजे मराठा सेंटर, बेळगावातच असल्यामुळे दर दोन गल्ल्यांआड एखादे निवृत्त सुभेदार भेटतात आणि त्यांचं सांगणं बहुतेक वेळा बरोबरच असतं. पण जवानाची भरती वेगळी आणि अधिकाऱ्याचं प्रशिक्षण वेगळं. अधिकारी व्हायला गेलेल्यांना मैदानाइतकाच वर्गही असतो. तिथे निबंध, प्रोजेक्ट, प्रेझेंटेशन असतं, आणि त्यात दुसऱ्याचा मजकूर आपला म्हणून दिला तर काय होतं हे इथून निघताना कुणी सांगत नाही.

मी सैन्याच्या शिक्षण विभागात नोकरी केली. आता इथल्या एनडीए (खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) आणि सीडीएस (पदवीधरांसाठीची अधिकारी भरतीची परीक्षा) यांची तयारी करणाऱ्या मुला-मुलींचं लिखाण तपासून देतो. आपली मुलं मजकूर उचलतात ती आळसापायी कमी आणि इंग्रजीच्या धास्तीपायी जास्त, असं माझं मत आहे. अकादमी मात्र त्याकडे भाषेची अडचण म्हणून बघत नाही. तिच्या लेखी तो प्रामाणिकपणाचा प्रश्न असतो. हा फरक निघण्यापूर्वी डोक्यात बसला की पुढचं सोपं जातं.

पहिली पायरी: सवय कुठून लागली ते बघा

एसएसएलसीपर्यंत (दहावी) मराठी माध्यम आणि पीयूसीला (अकरावी-बारावी) सायन्स घेतलं की एकदम सगळं इंग्रजीत. ज्या मुलाला भौतिकशास्त्र मराठीत झकास समजतं, त्याची कॉलेजात गेल्यावर दातखीळ बसते. मग गाईड येतं, नोट्स येतात, आणि पुस्तकातली ओळ जशीच्या तशी पेपरात उतरवली की मार्क पडतात हे कळतं. स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर व्याकरण चुकतं, पाठ केलेलं लिहिलं तर चुकत नाही. दोन वर्षं असं शिकलेल्या मुलाला पुढे कुणी म्हणालं की तू चोरी केलीस, तर त्याला खरोखरच कळत नाही आपलं काय चुकलं.

त्यात कॉलेजांच्या आसपास झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्ट मिळतात. पहिलं पान बदलायचं, स्पायरल बाइंडिंग करायचं, झालं. तपासणारे सरही पानं मोजून सही करतात. ‘सगळेच करतात की सर, त्यात काय?’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर वाद घालत नाही. एवढंच सांगतो की ते दुकान बेळगावात आहे, खडकवासल्याला नाही.

निघायच्या आधी स्वतःचं एखादं जुनं प्रोजेक्ट काढा आणि पेन्सिलीने खुणा करा: कुठलं वाक्य माझं, कुठलं पुस्तकातलं, कुठलं कुठून आलं ते आठवतसुद्धा नाही. तिसऱ्या प्रकारची वाक्यं मोजलीत की आपण कुठे आहोत ते कळेल.

दुसरी पायरी: एसएसबीला पाठ केलेल्या गोष्टी नेऊ नका

यूपीएससीची एनडीएची लेखी परीक्षा ९०० गुणांची आणि एसएसबी, म्हणजे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डासमोरच्या चाचण्या आणि मुलाखत, हीही ९०० गुणांची. म्हणजे बेंगळुरूच्या बोर्डात किंवा हवाई दलाच्या म्हैसूरच्या बोर्डात घालवलेले पाच दिवस अख्ख्या लेखी परीक्षेच्या तोलाचे. त्यातला एक दिवस मानसशास्त्रीय चाचण्यांचा. चित्र बघून चार मिनिटांत एक अशा गोष्टी लिहायच्या, शेवटचं पान कोरं आणि त्यावरची गोष्ट पूर्ण आपल्या मनची. मग साठ शब्द, प्रत्येकी पंधरा सेकंद. साठ प्रसंग, अर्धा तास. शेवटी स्वतःचं वर्णन.

इथे क्लासमधून घोकून आणलेल्या गोष्टी चालवायचा मोह होतो. बुडणाऱ्या मुलाला वाचवणारा तरुण, गावात ग्रंथालय काढणारा तरुण, अपघातग्रस्ताला दवाखान्यात नेणारा तरुण. एकाच क्लासची पंचवीस मुलं एकाच बॅचला गेली की पंचवीस तरुण तोच मुलगा वाचवतात. तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञासमोर अशा उत्तरपुस्तिका रोज येतात. शिवाय तुमचं लिखाण, तुम्ही भरलेला माहितीचा फॉर्म, मैदानावरचं वागणं आणि मुलाखत हे सगळं शेवटच्या दिवशी एकत्र ठेवून बघितलं जातं. कागदावरचा तरुण पुढाकार घेणारा आणि मैदानावर फळी उचलताना मागे उभा, हे जुळत नाही. चौकशी होत नाही, शिक्षा होत नाही. तुमचा नंबर पुकारला जात नाही, एवढंच, आणि का ते कुणी सांगतही नाही.

त्यावर उपाय आपल्या अंगणातच असतो. मलप्रभेला पूर आला तेव्हा गल्लीत कुणी काय केलं, ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टर उलटला तेव्हा कोण धावलं, यात्रेच्या वर्गणीचा हिशेब कुणी ठेवला, कन्नड आणि मराठी मुलांची एकच क्रिकेट टीम कशी बांधली. अशा पाहिलेल्या गोष्टींतून सुचलेली कथा साधी असली तरी तुमची असते, आणि मुलाखतीत खोदून विचारलं तरी कोसळत नाही.

तिसरी पायरी: पुढे काय काय लिहावं लागतं ते ठाऊक असू द्या

हे थोडक्यात. खडकवासल्याच्या एनडीएत तीन वर्षं, सहा टर्म. शेवटी जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते, त्यामुळे कुठल्याही कॉलेजसारखे असाइनमेंट आणि प्रोजेक्ट आलेच. त्यानंतर भूदलाचे डेहराडूनला, नौदलाचे केरळात एळिमलाला, हवाई दलाचे हैदराबादजवळ दुंडीगलला जातात, आणि तिथे लष्करी इतिहास, युद्धांचा अभ्यास, प्रेझेंटेशन हे चालूच असतं. पदवी घेऊन सीडीएसमधून थेट डेहराडून किंवा चेन्नईला जाणाऱ्यांनाही यातून सुटका नाही. २०२२ पासून एनडीएत मुली आहेत, त्यांची पहिली १७ जणींची तुकडी ३० मे २०२५ रोजी बाहेर पडली. तेव्हा घरात मुलगी तयारी करत असेल तर हे सगळं तिलाही तसंच लागू.

एक वाट आपल्या भागात फार कुणी लक्षात घेत नाही. जवान म्हणून भरती झालेल्या मुलाला आर्मी कॅडेट कॉलेजमधून अधिकारी होता येतं. तिथेही तीन वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. हातातली वही सुटून काही वर्षं झालेल्या जवानाला सगळ्यात जड जातं ते हेच लिहिणं, आणि मदत मागायला लाज वाटते म्हणून तो दुसऱ्याची फाईल मागतो.

चौथी पायरी: चोरीत काय काय मोडतं

अख्खं पान उतरवणं ही चोरी आहे हे सगळ्यांनाच कळतं. अडचण कडेच्या प्रकारांत होते, आणि आपल्या तीन भाषांच्या मुलखात तर जास्तच.

भाषांतर करून घेतलेला मजकूर. मराठी विश्वकोशातली नोंद किंवा कन्नड पेपरमधला लेख घ्यायचा, इंग्रजीत आणायचा आणि खाली आपलं नाव टाकायचं. सॉफ्टवेअरला कदाचित सापडणार नाही, आणि मुलांना वाटतं की भाषांतराची मेहनत माझी म्हणजे लेख माझा. नाही. विचार, क्रम, उदाहरणं ज्याची, त्याचं नाव द्यायलाच हवं. याउलट स्वतःच मराठीत लिहिलेला मसुदा स्वतः इंग्रजीत नेला तर त्यात चोरी काहीच नाही. मी तर मुलांना तसंच करायला सांगतो.

सिनिअरची फाईल. अकादमीत जुन्या टर्मच्या फाईली हातोहात फिरतात. बघायला हरकत नाही, मांडणी कशी असते ते कळतं. त्यातलं वाक्य आपल्या कागदावर आलं की हरकत सुरू होते. शिवाय तीच फाईल तपासणाऱ्या शिक्षकाने दोन वर्षांपूर्वी वाचलेली असते हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

फाईल देणारा. कोर्समेट, म्हणजे आपल्याच तुकडीत बरोबर शिकणारा, हे नातं काय असतं ते तिथे गेल्यावरच कळतं. एकाच्या चुकीला सगळ्यांनी रगडा (शारीरिक शिक्षा) खायचा, एकाची पाठपिशवी दुसऱ्याने उचलायची. अशा मित्राने रात्री अकराला फाईल मागितली तर नाही म्हणणं सोपं नाही. पण दोन सारखे कागद आले की प्रश्न दोघांना विचारला जातो. ‘मी फक्त बघायला दिली होती’ हे उत्तर तुमच्या मित्राला जास्त अडचणीत टाकतं. फाईल देण्यापेक्षा त्याच्याशेजारी अर्धा तास बसा, विषय तोंडी समजावून सांगा आणि कागद आपल्या पेटीत ठेवा.

शब्द बदलून केलेली ठिगळं, नकाशा किंवा आकृती नाव न देता चिकटवणं, गेल्या टर्मचाच आपला निबंध नव्या नावाने पुन्हा देणं हेही यातच येतं.

एआय. चॅटजीपीटीला विषय सांगून निबंध घ्यायचा आणि द्यायचा, हे आता झेरॉक्सच्या दुकानाच्याही पुढे गेलंय. व्याकरण तपासून घेणं, न समजलेला परिच्छेद सोपा करून विचारणं ही एक गोष्ट, आणि निबंध लिहून घेणं ही दुसरी. आपल्या शिक्षकांनी कुठली परवानगी दिली आहे ते आधी विचारा, आणि वापरलं असेल तर लिहा. आणखी एक धोका आहे. हे यंत्र अस्तित्वात नसलेल्या पुस्तकांची नावं बेधडक देतं. तपासणाऱ्याने ते पुस्तक मागितलं की पुढे बोलायला काही उरत नाही.

पाचवी पायरी: पकडलं गेल्यावर काय होतं ते नीट समजून घ्या

बहुतेक वेळा सॉफ्टवेअरच्या आधी माणूस पकडतो. कॅडेटचं एरवीचं इंग्रजी शिक्षकाला ठाऊक असतं. ते अडखळत चालत असताना मध्येच एक परिच्छेद गुळगुळीत येतो, आणि पुढच्या परिच्छेदात पुन्हा अडखळणं सुरू. मग शिक्षक ओरडत नाहीत. कागद पुढे ठेवतात आणि म्हणतात, ‘हा तिसरा परिच्छेद मला समजला नाही, जरा समजावून सांग. हिंदीत सांगितलंस तरी चालेल.’ भाषेची सबब तिथेच संपते. समोरचा पोरगा एकदा कागदाकडे, एकदा पंख्याकडे बघतो. लिहिलेलं आपलं असेल तर मोडक्यातोडक्या हिंदीतही सांगता येतं, आणि नसेल तर नाही.

पुढची शिक्षा त्या त्या अकादमीच्या स्थायी आदेशांवर आणि प्रकरणाच्या गांभीर्यावर ठरते. साधारण चढण मात्र अशी: शून्य गुण किंवा काम पुन्हा करणं, जादा ड्रिल आणि बाहेर जायला बंदी, कॅडेटांमध्ये एखादी नेमणूक मिळाली असेल तर ती जाणं, एका टर्मने मागे टाकणं, आणि शेवटी अकादमीतून काढणं. नव्या मुलांना रगड्याची भीती वाटते. एनडीएत शिक्षेची सिंहगडची फेरी प्रसिद्धच आहे. खरं तर त्याची भीती वाटायचं कारण नाही, घाम निघतो आणि संध्याकाळी विषय संपतो. भीती बाळगायची ती रेलिगेशनची, म्हणजे एका टर्मने मागे टाकलं जाण्याची.

एक टर्म म्हणजे सहा महिने. ज्यांच्याबरोबर पहिल्या दिवशी केस कापून घेतले ते पुढे निघून जातात, कालचे ज्युनिअर आजचे कोर्समेट होतात. मित्रांचं पासिंग आउट परेड तुम्ही बघता. सेवाज्येष्ठता आयुष्यभर त्यांच्यामागे. घरी आई सगळ्या पाहुण्यांना तारीख सांगून बसलेली असते, तिला ‘आता डिसेंबरमध्ये’ म्हणून सांगावं लागतं आणि कारण सांगता येत नाही.

काढून टाकलं तर मामला तिथेच थांबत नाही. शिस्तभंगाच्या कारणाने सैनिकी प्रशिक्षण संस्थेतून बाहेर पडलेल्याला पुन्हा अर्ज करता येत नाही, हे यूपीएससीच्या एनडीए परीक्षेच्या जाहिरातीतच छापलेलं असतं. लोक तारखा आणि वयाची अट बघतात, ते कलम वाचत नाहीत. एसएसबीला चार वेळा नापास झालेला पाचव्यांदा जाऊ शकतो. यात तशी सोय नाही.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियमही माहीत असावेत. त्यांतल्या शिक्षा पदव्युत्तर आणि संशोधनाच्या विद्यार्थ्यांसाठी आहेत. दुसऱ्याच्या मजकुराशी साधर्म्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यायचं, ४० ते ६० असेल तर वर्षभर दुरुस्त प्रबंध देता येत नाही, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. सलग चौदा शब्दांपर्यंतचं योगायोगाचं साम्य मोजत नाहीत. आता बी.ए., बी.एस्सी.च्या कॅडेटने हे ऐकून ‘दहा टक्के चालतं’ असा अर्थ काढू नये. अकादमीत टक्के बघण्याआधी हेतू बघतात. पण पुढे मेजर झाल्यावर तमिळनाडूतल्या वेलिंग्टनच्या स्टाफ कॉलेजला गेलात तर तिथे मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. असते, प्रबंध असतो, आणि तेव्हा ही टक्केवारी दारात उभी राहते.

अमेरिकेतल्या एका प्रकरणात उशिरा आलेली किंमत स्पष्ट दिसते. जॉन वॉल्श हे मोंटाना राज्याच्या नॅशनल गार्डचे प्रमुख होते, नंतर सेनेटर झाले. २००७ मध्ये आर्मी वॉर कॉलेजला दिलेल्या त्यांच्या पेपरातला बराच भाग दुसऱ्यांचा असल्याचं २०१४ मध्ये एका वृत्तपत्राने दाखवून दिलं. त्यांनी निवडणुकीतून माघार घेतली आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कॉलेजने त्यांची पदवी काढून घेतली. पेपर १४ पानांचा होता.

अमेरिकेच्याच वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत मे २०२० मध्ये करोनामुळे गणिताची परीक्षा घरूनच झाली, तेव्हा तपासताना अनेक कॅडेटांच्या चुकाही सारख्याच निघाल्या. ७३ जणांवर ठपका आला, पुढच्या वर्षी ८ जणांना काढलं आणि पन्नासहून अधिक जणांना एक वर्ष मागे टाकलं. तो परीक्षेतल्या कॉपीचा प्रकार, उताऱ्याच्या चोरीचा नव्हे. पण तिथल्या सन्मानसंहितेत दोन्हींना एकच माप आहे. ती संहिता तर असं सांगते की खोटं, फसवणूक, चोरी करायची नाहीच, आणि करणाऱ्याला खपवूनही घ्यायचं नाही.

एवढा कडकपणा कशासाठी, असं मुलं विचारतात. निबंधच तर आहे. मी त्यांना विचारतो, गस्तीवरून परत आलेल्या लेफ्टनंटने अहवालात लिहिलं की पुलाजवळ कुणी नाही, आणि त्याने तो अहवाल कालच्या अहवालावरून उतरवला असेल तर? उद्या त्या पुलावरून तीस माणसं जाणार आहेत.

सहावी पायरी: स्वतःचं लिहायची रीत आजपासून लावा

जूनमध्ये जायचं असेल तर जानेवारीपासून सुरू करा. वही आडवी घ्या, पानाच्या मधोमध रेघ मारा. डावीकडे पुस्तकातलं, जसंच्या तसं, अवतरणचिन्हांत, पुढे लेखकाचं नाव आणि पान क्रमांक. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं ते, मराठीत. या दोन बाजू कधीही मिसळू द्यायच्या नाहीत. निम्म्या चोऱ्या नकळत होतात त्या याचमुळे: तीन आठवड्यांनी वही उघडली की कुठलं वाक्य आपलं हेच आठवत नाही.

मग पुस्तक बंद करा. खरोखर बंद करा, बोट घालून ठेवू नका. शेजारच्या भावाला सांगतोय असं समजून विषय मराठीत बोला, मग लिहा, मग इंग्रजीत न्या. छोटी वाक्यं, साधे शब्द. सैन्यातलं चांगलं लिखाण छोट्या वाक्यांचंच असतं, त्यामुळे आपल्या मुलांचं साधं इंग्रजी तिथे कमीपणाचं ठरत नाही.

एक नमुना बघू. मराठा लाइट इन्फंट्रीचे शिपाई नामदेव जाधव यांच्यावर टिपण लिहायचं आहे. समजा पुस्तकात असं वाक्य आहे:

‘९ एप्रिल १९४५ रोजी इटलीतील सेनिओ नदीच्या पूर्व काठावरील चढाईत तुकडी जवळजवळ नष्ट झाली असता नामदेव जाधव यांनी प्रखर गोळीबारात दोन जखमी सहकाऱ्यांना खोल पाण्यातून, उभ्या काठावरून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून सुरक्षित स्थळी नेले व नंतर शत्रूची तीन मशीनगन ठाणी नष्ट केली.’

मुलाने असं लिहिलं: ‘९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नदीच्या पूर्वेच्या तीरावरील हल्ल्यात तुकडी जवळपास संपली असता नामदेव जाधव यांनी जोरदार गोळीबारात दोन घायाळ साथीदारांना खोल पाण्यातून, चढ्या तीरावरून आणि सुरुंगपट्ट्यातून सुखरूप जागी पोहोचवले व मग शत्रूची तीन मशीनगन ठाणी उद्ध्वस्त केली.’ काठाचा तीर झाला, जखमीचा घायाळ झाला, सांगाडा तोच राहिला. खाली पुस्तकाचं नाव नसेल तर ही चोरी आहे, आणि असलं तरी हे लिखाण नाही.

आता हे बघा: ‘नामदेव जाधव हे कंपनीचे रनर होते. निरोप पोचवणं हे त्यांचं काम. ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर त्यांच्याबरोबरची माणसं पडली तेव्हा त्यांनी आधी दोन जखमींना मागे नेलं आणि मग एकट्याने तीन मशीनगन ठाणी बंद पाडली (अमुक लेखक, पान अमुक). मला यातला क्रम महत्त्वाचा वाटतो. आधी आपली माणसं, मग शत्रू. शेवटी काठावर उभं राहून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं, म्हणजे रनरचं काम त्यांनी तिथेही केलंच.’

तथ्यं तीच आहेत, ती कुणाच्या मालकीची नसतात. पण कुठून घेतली ते सांगितलंय, आणि ‘मला वाटतं’ म्हणायची हिंमत केली आहे. शिक्षक मार्क देतात ते त्या दोन वाक्यांना. इंग्रजीत ती चुकली तरी चालतात.

पुस्तकातलं वाक्य फारच नेमकं असेल तर घ्या की, अवतरणात घ्या, नाव द्या. एका पानावर एखादं. नाव दिल्याने आपलं ज्ञान कमी दिसतं असा मुलांचा समज असतो. प्रत्यक्षात मुलाने चार पुस्तकं चाळली आहेत हे त्यातूनच दिसतं. सरावासाठी विषय हवे असतील तर सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसा, रोज एका अग्रलेखाचं पाच ओळींत टिपण करा, आणि आठवड्यातून एकदा ते कुणाला तरी तपासायला द्या.

सातवी पायरी: चूक झालीच, किंवा खोटा आळ आला तर

कागद देऊन झाला आणि रात्री झोप लागत नाही, असं झालं तर सकाळी पहिल्यांदा डिव्हिजनल ऑफिसरकडे, म्हणजे तुमच्या तुकडीवर नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जा. त्यांनी बोलावण्याआधी. आपण होऊन सांगितलं म्हणून शिक्षा माफ होते असं नाही, आणि तसं कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पण कागदाच्या एका चुकीवर खोटं बोलण्याची दुसरी चढत नाही. बहुतेक पोरं बुडतात ती दुसरीमुळे.

आळ खोटा असेल तर बोलण्यापेक्षा कागद दाखवा. मधोमध रेघ मारलेली ती वही, मराठी मसुदा, खाडाखोड केलेली पानं, संगणकावरच्या फाईलीच्या जुन्या आवृत्त्या. म्हणून निकाल लागेपर्यंत काहीही फेकू नका. आवाज चढवू नका, ‘त्यानेही केलंय’ म्हणू नका, आणि तोंडी परीक्षा घ्या असं स्वतःहून सुचवा.

घरच्यांसाठी

एनडीएत जाताना आई-वडिलांची बाँडवर सही लागते. मुलाच्या हातात असलेल्या कारणाने प्रशिक्षण अर्धवट सुटलं तर शिक्षण, जेवण, कपडे यांवर झालेला खर्च, सरकार ठरवेल तितका, परत करायचा, असा त्याचा आशय असतो. आनंदाच्या भरात वडील तिथल्या तिथे सही करून मोकळे होतात. इंग्रजी कागद आहे, गावातल्या एखाद्या वकिलाकडून किंवा मास्तरांकडून वाचून घ्या, मुलाला शेजारी बसवून.

नंतर कधी मुलाचा रविवारी फोन आला आणि तो म्हणाला, ‘पप्पा, जरा प्रॉब्लेम झालाय,’ तर आमदारांचा नंबर शोधू नका. ओळखीच्या कर्नलसाहेबांना फोन लावायचीही घाई नको. वशिल्याचा फोन गेला की मुलाच्या नावापुढे तेही लागतं. त्याला एवढंच विचारा: तू लिहिलं होतंस का, आणि साहेबांना काय सांगितलंस? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर खरं नसेल तर फोन ठेवून आधी ते दुरुस्त करून यायला सांगा.